तुकडा काढला म्हणजे कॅन्सर झाला, असं नसतं!

मंडळी, इथे आपण वाड्यांच्या, गणेशोत्सवाच्या, आजीच्या पुरणपोळीच्या आठवणी लिहितो. आज जी लिहितेय, ती कुणी लिहीत नाही.

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत, रामबाग असो की लोकमान्य नगर, "अंगावरून जातंय" हे वाक्य कधी माजघराबाहेर आलंच नाही. माझ्या थोरल्या आत्याला पाळी गेल्यावर सहा वर्षांनी पुन्हा रक्त जायला लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिशवीच्या तोंडाचा तुकडा काढून तपासू. घरात बैठक बसली, सगळी पुरुषमंडळी! ठरलं काय, तर "चाकू लागला की पसरतं." दीड वर्षात आत्या गेली. सगळे म्हणाले, नशीब. मी म्हणते, नशीब कसलं? शिकलेल्यांचा अडाणीपणा!

आता नीट ऐका. बायोप्सीने कॅन्सर पसरत नाही. तोंडाला पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, म्हणजे व्हिनेगरच, लावतात. संशयाची जागा पांढरी दिसते. कॉल्पोस्कोप ही दुर्बीण अंगात घालत नाहीत, ती बाहेरच असते. तिच्यातून बघत तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतात. चिमटा बसल्यासारखं होतं, पाळीसारखं पोट दुखतं. बहुतेक बायका त्याच दिवशी घरी येतात. दोन-चार दिवस थोडा डाग लागतो, डॉक्टर सांगतील तितके दिवस संबंध टाळायचे. रक्त फार गेलं, ताप आला की लगेच दाखवायचं. बस, इतकंच!

आणि रिपोर्टमध्ये पुष्कळदा कॅन्सर नसतोच. असतो तो पेशींतला आधीचा बदल. सौम्य असेल तर बऱ्याचदा आपोआप जातो, जास्त असेल तर तेवढाच भाग काढता येतो. त्याचा कॅन्सर व्हायला सहसा कैक वर्षं लागतात. म्हणजे वेळ असतो, आपणच तो घालवतो.

बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलने 1999 पासून उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला. ज्या गटाला एकदाच एचपीव्ही तपासणी मिळाली आणि गरजेप्रमाणे पुढची बायोप्सी, उपचार झाले, तिथे या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. 2009 मध्ये हे जगापुढे आलं. शेतावर राबणाऱ्या त्या बायका तपासणीला गेल्या, आणि आपण अजून लाजतोय?

काका-मामांनो, पटलं नाही तर खाली खुशाल भांडा. पण काकू-मामींना आधी विचारा, शेवटची तपासणी कधी केली होती?