अवकाश : एका शब्दाचे आकुंचन

मराठी समीक्षेत गेली काही दशके ‘अवकाश’ हा शब्द ज्या सढळपणे खर्ची पडतो आहे, तो पाहता त्याची मूळची मिळकत कोणाच्या ध्यानात राहिली असेल असे वाटत नाही. कवितेचा अवकाश, स्त्रीचा अवकाश, कादंबरीने व्यापलेला अवकाश; प्रत्येक ठिकाणी इंग्रजीतील ‘स्पेस’ तेवढी मराठी वेष घालून बसलेली असते. परभाषेतून संकल्पना घेण्याला आक्षेप नाही. घेताना घरचा अर्थ बाहेर घालवला जातो, याला आहे.

घरचा अर्थ काळाचा आहे. ‘लग्नाला अजून अवकाश आहे’ असे म्हणणारी बाई मांडवातल्या रिकाम्या जागेविषयी बोलत नसते. ‘तो यायचा अवकाश, की भांडण सुरू’ यात तर अवकाश म्हणजे क्षणाची फट. ‘सावकाश’ हा शब्दही ‘स’ आणि ‘अवकाश’ मिळून झालेला. ज्याच्या हाताशी वेळ आहे तो सावकाश. मुळात ‘अव’ या उपसर्गापुढे ‘काश्’, म्हणजे प्रकाशणे, दिसणे, हा धातू आहे. ‘आकाश’ आणि ‘प्रकाश’ त्याचेच. संस्कृतात जागा, मध्यंतर, सवड, संधी हे सारे अर्थ या शब्दात एकत्र नांदत होते. पुढे भाषांनी वाटणी केली. हिंदीने रजा घेतली, मल्याळमने हक्क, कन्नडने संधी.

ही वाटणी बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात प्रत्यक्ष अनुभवता येते. कन्नड ‘उद्योगावकाश’ मराठी कानावर पडला, तर काम मिळायला अजून वेळ आहे असे वाटावे; कन्नडमध्ये अर्थ नेमका उलटा, काम आहे, या! त्याच पीण्यात इस्रोचे ‘इस्ट्रॅक’ हे यानांचा मागोवा घेणारे व त्यांना आदेश देणारे केंद्र आहे. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरले, तेव्हा त्याचा संदेश पृथ्वीवर पोहोचायला सुमारे १२ मिनिटे लागत होती. म्हणून इंजिन पेटवण्याचे आदेश यानात आधीच भरून ठेवावे लागले. त्या बारा मिनिटांना अंतर म्हणावे की वेळ? ‘अवकाश’ म्हटले की दोन्ही आले. वृत्तपत्रांचा लाडका ‘अंतराळ’ही मधल्या फटीचाच शब्द, देवळात गाभारा व सभामंडप यांमधला भाग तो अंतराळ, पण मराठीत त्यात काळ उरलेला नाही.

‘कवितेचा अवकाश’ लिहिणाऱ्या समीक्षकाला त्या शब्दात यतीची, दोन ओळींमधल्या थांब्याची वेळ ऐकू येते का, असे विचारावे, तर तो पानावरच्या कोऱ्या जागेकडे बोट दाखवतो.