सवलतीची साखर आणि शरीरातली शेवटची चारी



या अंकात खोडव्याच्या व्यवस्थापनावर लिहावे अशी संपादक मंडळाची सूचना होती. ते पुढच्या अंकी लिहीन. या खेपेस विषय वेगळा आहे आणि काहींना तो खटकेल, याची मला कल्पना आहे.

मी मूळचा डहाणू रोडचा. आमच्या डहाणू-तलासरी भागात साखर कारखाना नाही. भात, नागली, चिकूच्या वाड्या आणि ताडाची झाडे, हेच आमचे शिवार. गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा थोरल्या मामांना भेटायला गेलो. सारा जन्म चिकूच्या वाडीत गेलेला, अंगाने काटकुळे, पोट पाठीला लागलेले. त्यांच्या पायात काटा मोडला आणि त्यांना तो कळलाच नाही. जखम चिघळली, तेव्हा रक्त तपासले, तर साखर भरमसाट. अंगठा काढावा लागला. मामा मला म्हणाले, "भाच्या, साखर कारखान्यात तू, आणि साखर झाली मला!" घरातली माणसे हसली. मला काही हसू आले नाही.

डायबेटीस हा गादीवर बसणाऱ्या जाड्या माणसाचा आजार, अशी आपली समजूत. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ती खोटी ठरवली. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बायका आणि पुढे त्यांची मुले तपासली. आपल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले, इंग्लंडातल्या साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५. पण आपल्या बाळांत कमी पडले ते मांस; चरबी फारशी कमी नव्हती. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. म्हणजे वजनकाटा आपल्याला फसवतो. आमच्या तलासरीकडे किंवा तुमच्याकडे ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांत जी किरकोळ अंगाची बाळे जन्मतात, त्यांना हा धोका जन्मतःच जास्त.

आता काट्याचे. तो कळला का नाही? इथे आपल्याला कालव्याचा दाखला घ्यावा लागेल. हेडला पाणी धो धो, आणि टेलच्या शेतकऱ्याचा ऊस वाळतोय, हे तुम्ही दरवर्षी बघता. शरीरातही मोठ्या रक्तवाहिन्या म्हणजे कालवा, आणि केसाहून बारीक केशवाहिन्या म्हणजे शेतातली शेवटची चारी. जेवणानंतर स्वादुपिंडातून इन्शुलिन सुटते. पेशीने साखर आत घ्यावी म्हणून ते काम करते, हे आपण ऐकलेले असते. पण त्याआधी ते आणखी एक काम करते. स्नायूंतल्या बारीक वाहिन्यांची दारे सैल करते, म्हणजे रक्त सरीसरीत फिरते. गंमत अशी की हा पाटकरी स्वतःही त्याच पाण्यातून पुढे जातो. दार उघडले नाही तर साखरही स्नायूपर्यंत पुरेशी पोचत नाही आणि इन्शुलिनही नाही. मग स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडते, जसे आपण टेलची ओरड झाली की हेडचा विसर्ग वाढवतो. इन्शुलिन आहे पण शरीर त्याला जुमानत नाही, ही अवस्था ती हीच. अशी वर्षे जातात, तपासणीत साखर बरी दिसते, आणि आतल्या चाऱ्या बिघडत राहतात. पुढे साखर चढली की ती उरलेल्या वाहिन्याही खराब करते. डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड आणि पायाच्या मज्जातंतूंना रक्त देणाऱ्या वाहिन्या पहिल्यांदा जातात. मामांना काटा कळला नाही तो यामुळे.

या केशवाहिन्यांचा शोध घेणारे डेन्मार्कचे ऑगस्ट क्रोग यांना १९२० साली नोबेल मिळाले. विश्रांतीत स्नायूतल्या थोड्याच केशवाहिन्या वाहत्या असतात, काम सुरू झाले की बाकीच्या उघडतात, हे त्यांनी दाखवले. पुढे त्यांच्या पत्नीलाच मधुमेह निघाला आणि १९२२ साली कॅनडातून इन्शुलिन बनवण्याची परवानगी घेऊन येणारेही तेच!

क्रोग यांचा शोध आपल्या कामाचा आहे. स्नायू हलला की चारी इन्शुलिनवाचूनही उघडते. "आजोबा गुऱ्हाळावर वाटीभर काकवी प्यायचे, त्यांना कुठे काय झाले?" असे मला सभासद विचारतात. अहो, आजोबा रात्रभर चिखलात दारे धरायचे. आपण बांधापर्यंत मोटरसायकल नेतो. मीही नेतो, खोटे कशाला बोला. जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे चालले तरी चढणारी साखर कमी चढते. याउलट तेलकट जेवणाने रक्तातली चरबी वाढली की ही दारे जड होतात. तंबाखू-मिश्रीने वाहिन्या आवळतात.

डहाणूला मी लहान असताना ताटात नागलीची भाकर, वाल, सुकट असायची. आज त्याच पाड्यावर पांढरा तांदूळ, बिस्किटाचा पुडा आणि थंड पेयाची बाटली. नागली म्हणजे औषध नव्हे, तीही पिष्टमयच. पण कोंड्यासकट पोटात जाते आणि सावकाश पचते.

आता मुद्द्याचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर रोजच्या आहाराच्या दहाव्या हिश्शाच्या आत असावी, शक्यतो त्याच्याही निम्मी. निम्मी म्हणजे माणशी सुमारे २५ ग्रॅम. पाच माणसांच्या घराला महिन्याला पावणेचार किलो. या हिशेबाने ५० किलोचे एक पोते तेरा महिने पुरले पाहिजे, आणि त्यात गूळ, काकवी, बिस्किटे सगळी आली. तुमच्या घरी पोते किती महिने पुरते, ते घरच्या बाईमाणसाला विचारा.

शेअरवर मिळणारी सवलतीची साखर हा सभासदांचा हक्क आहे, तो कुणी काढून घेऊ नये. पण ज्याला पोते नको त्याला दरातील फरक ऊसबिलात जमा करून मिळावा, असे माझे मत आहे. आज नेली नाही तर बुडते, म्हणून नेली जाते. आणि घरात आहे म्हणून चहात पडते. साखर कारखान्याच्या पगारावर जगणारा माणूस असे लिहितो याचा राग येईल. पण साखर विकायला देश पडलाय, ती आपल्याच घरात खपवायची काही गरज नाही.

दुसरे, गटवार ऊस मेळाव्यात माती परीक्षणाबरोबर चाळिशीपुढच्या सभासदांची रक्तातली साखर, रक्तदाब आणि कंबर मोजावी. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर, बाईची ८० च्या वर गेली की माणूस कितीही हडकुळा दिसो, तपासणी करावी. ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी हे वाचून त्या बंद करू नयेत.

मी नोकर माणूस, ठराव मांडण्याचा अधिकार तुमचा. वार्षिक सभेपुढे विषय यावा असे वाटणाऱ्या सभासदांनी सही व सभासद क्रमांकासह आपल्या गट कार्यालयात लेखी द्यावे. मजकुरासाठी मदत हवी असल्यास मी दर सोमवारी शेतकी खात्यात असतो.

— ऊस विकास अधिकारी