बर्क : वीर की बेफिकीर?

१/ १८६५ साली मेलबर्नमध्ये रॉबर्ट ओहारा बर्क आणि विल्यम विल्स यांचा पुतळा उभारला गेला. ऑस्ट्रेलिया खंड दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडणारे वीर, हा त्यांचा लौकिक. मोहिमेचा नेता बर्क या लौकिकास पात्र होता काय? घटनाक्रम तपासल्यास उत्तर नकारार्थीच येते.

२/ २० ऑगस्ट १८६०. १९ माणसे, सुमारे २० टन सामान आणि मुख्यतः हिंदुस्थानातून जहाजाने आणलेले उंट. त्या वसाहतींनी इतकी सुसज्ज मोहीम पाहिली नव्हती. नेता मात्र एक पोलीस अधिकारी; रानावनातील शोधमोहिमेचा त्याला काडीचाही अनुभव नव्हता.

३/ प्रतिस्पर्धी जॉन मॅकडुअल स्टुअर्ट आधी पोहोचेल, ही बर्कची धास्ती. म्हणून बहुतेक सामान मेनिंडी येथे मागे राहिले. कूपर्स क्रीकवर मागच्या तुकडीची वाट न पाहता १६ डिसेंबरला, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यात, तो विल्स, किंग आणि ग्रे यांना घेऊन उत्तरेस निघाला.

४/ फेब्रुवारी १८६१मध्ये चौघे कार्पेंटारियाच्या आखातानजीक पोहोचले. खारफुटीमुळे समुद्राचे दर्शनही झाले नाही. परतीच्या वाटेवर उपासमार. भुकेल्या ग्रेने पीठ चोरले म्हणून बर्कने त्याला मारले. १७ एप्रिलला ग्रे मरण पावला.

५/ २१ एप्रिलच्या संध्याकाळी उरलेले तिघे तळावर आले. तळ रिकामा! चार महिने थांबलेले सोबती त्याच सकाळी निघून गेले होते. बर्कचे चाहते येथे दैवाला बोल लावतात.

६/ परंतु पुढचे निर्णय दैवाचे नव्हते. पुरलेले अन्न तिघांनी काढले, खड्डा पूर्ववत बुजवला. झाडावर नवी खूण मात्र कोरली नाही. ८ मे रोजी सोबती पुन्हा तेथे आले, कोणी येऊन गेल्याचे चिन्ह न दिसल्याने परत फिरले. तोवर परिचित वाट सोडून माउंट होपलेसचा मार्ग धरण्याचा बर्कचा निर्णय फसला होता.

७/ त्याच ओढ्याकाठी यांद्रुवांधा लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांनी या उपाशी परक्यांना मासे दिले, नार्डू नावाच्या पाणवनस्पतीचे पीठ दिले. बर्कने बंदूक झाडून त्यांना पिटाळले. पुढे तिघे स्वतःच नार्डू दळून खाऊ लागले. पण तो निर्धोक करण्याची स्थानिक रीत त्यांना अवगत नव्हती. त्यातून बेरीबेरी जडली, असे अनेक अभ्यासक मानतात.

८/ जूनअखेरीच्या सुमारास विल्स व बर्क दोघेही गेले. किंग यांद्रुवांधांच्या आश्रयास गेला आणि जगला. सप्टेंबरमध्ये शोधपथकाला तो त्यांच्याच वस्तीत सापडला. जेथे बर्क उपासमारीने मेला, तेथेच एक समाज सुखेनैव नांदत होता!

९/ ‘पण धैर्य तर होते ना?’ होते, ते कोणी नाकारत नाही. मात्र स्टुअर्टकडेही धैर्य होते. अडचण दिसताच माघार घेण्याचा कमीपणा त्याने मानला नाही; पुन्हा तयारी करून १८६२ साली तो उत्तर किनाऱ्यावर पोहोचला आणि सर्व सोबत्यांना जिवंत परत आणले. १८७२ साली पूर्ण झालेली तारयंत्राची वाहिनी बहुतांशी त्याच्याच मार्गाने गेली.

१०/ बर्कच्या मोहिमेत सात जणांचे प्राण गेले. स्वतःचा जीव धोक्यात घालणे हा ज्याचा त्याचा अधिकार. विश्वासाने मागे आलेल्यांचा जीव उधळण्याचा अधिकार कोणत्याही नेत्याला नसतो. हौतात्म्याच्या झगमगाटात हा भेद पुसला जातो, आणि सुखरूप परतलेला स्टुअर्ट व किंगला जगवणारे यांद्रुवांधा विस्मृतीत जातात. वीर म्हणायचेच असेल, तर पहिला मान त्यांचा.