विश्लेषण : लेहची मुले बर्फावर हॉकी खेळतात, मग धुळ्याची का नाही?

कडाक्याच्या थंडीत धुळ्याचा पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो. तरी तळ्यातले पाणी गोठत नाही. लेहमध्ये तो उणे १५-२० अंशांपर्यंत जातो आणि तळ्याचेच मैदान होते. भारतातील आइस हॉकीचा इतिहास या फरकात आहे.

खेळ काय आहे?

बर्फावर दोन्ही बाजूंचे ६-६ खेळाडू, चेंडूऐवजी रबराची चकती आणि २० मिनिटांची तीन सत्रे. आंतरराष्ट्रीय स्तरावर ज्युनिअर स्पर्धा १८ आणि २० वर्षांखालील गटांत होतात.

लडाखमध्येच का रुजला?

लष्कराच्या जवानांकडून हा खेळ स्थानिकांपर्यंत पोहोचला. हिवाळ्यात शेती थांबते आणि शाळांना मोठी सुट्टी असते. गावकरी रात्री मोकळ्या जागेत पाणी सोडून मैदान गोठवतात आणि मुले त्यावरच शिकतात. जून २०२५ मध्ये यूएईतील आशिया चषकात कांस्यपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघात बहुतांश मुली लडाखच्याच होत्या.

अडचण कोणती?

नैसर्गिक बर्फ जेमतेम दोन महिने टिकतो. ऊन लवकर तापले, तर हंगाम आणखी आटतो. ज्या देशांत कृत्रिम मैदाने आहेत, तिथली मुले वर्षभर खेळतात. डेहराडूनचे बंदिस्त मैदान २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी उभे राहिले, पण पुढे अनेक वर्षे बंद होते. ते २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाले. म्हणजे मैदान बांधण्यापेक्षा ते चालवणे कठीण.

खान्देशात असे मैदान होऊ शकते का?

तंत्र अनोळखी नाही. बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर मिठाचे पाणी शून्याखाली नेतो आणि त्यात साच्यांतले पाणी गोठते. मैदानात तेच थंड द्रावण काँक्रीटखालच्या नळ्यांतून फिरते आणि वर पाण्याचे पातळ थर गोठवले जातात. ६० बाय ३० मीटरच्या मैदानावर ३ सेंटीमीटर बर्फासाठी सुमारे ५० हजार लिटर पाणी लागते, म्हणजे १० हजार लिटरचे पाच टँकर. खरा प्रश्न विजेचा आहे. रावेर-यावलची केळी शीतगृहात १३-१४ अंशांवर ठेवतात. इथे बर्फ उणे ५ अंशांच्या आसपास राखावा लागेल, तोही मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश असताना. केळी विकून शीतगृहाचे बिल भरता येते. मुलांच्या सरावातून तेवढा पैसा निघत नाही.

मग पर्याय?

चाकांचे स्केट्स. तोल, वळणे आणि काठीवरचा ताबा सपाट काँक्रीटवरही शिकता येतो. बर्फाचा सराव शिबिरापुरता ठेवता येतो. लडाखनेही कोट्यवधींच्या मैदानापासून सुरुवात केली नव्हती. तिथे आधी गावाने पाणी सोडले, संघ नंतर उभा राहिला. जळगाव-धुळ्यात शाळांची काँक्रीटची पटांगणे संध्याकाळी मुलांसाठी उघडी राहिली, तरी सुरुवात होऊ शकते.