बिश्केकला निघालेल्या मुलांसाठी : राष्ट्रीय वैद्यकीय आयोगास खुले पत्र

मा. अध्यक्ष, राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, नवी दिल्ली यांस,



नीटचा निकाल लागला, सरकारी जागा हुकली आणि खासगी कॉलेजची फी झेपेना, की डोणगावसारख्या गावातल्या घरातही डॉक्टरकी शिकायला किर्गिझस्तानला जाण्याचा विषय निघतो. मग आई विचारते, "मुसलमानी मुलूख आहे म्हणे. पोरगी तिथं राहील कशी?" हा प्रश्न काळजीपोटी येतो. मात्र त्याचे उत्तर द्यायला गावात एजंटाशिवाय कोणीही नसते.

किर्गिझस्तानात सुमारे नव्वद टक्के लोक मुस्लिम आहेत, पण देशाची घटना धर्मनिरपेक्ष आहे. 1991पर्यंत तो सोव्हिएत संघात होता. राजधानी बिश्केकची वैद्यकीय अकादमीही त्याच काळातली, 1939 सालची. तिथे पोचलेल्या मराठी मुलाला अवघड जाते ते रोजचे जगणे. शाकाहारी असेल तर जास्तच, कारण बाहेरच्या ताटात गोमांस, मेंढीचे, कधी घोड्याचेही मांस असते. दिवाळीला सुट्टी नाही. 21 मार्चचा नूरूझचा सण मात्र आपल्या गुढीपाडव्याच्या आगेमागे येतो, तेव्हा शेजाऱ्यांच्या घरी जाता येईल. पण त्यासाठी आधी शेजारी ओळखीचे हवेत! भारतीय मेस आणि भारतीय मित्र यांच्यातच वर्षे काढली, तर ते कसे जमणार?

मे 2024 मध्ये या अनोळखीपणाची किंमत दिसली. 13 मे रोजी बिश्केकच्या एका वसतिगृहात स्थानिक तरुण आणि परदेशी विद्यार्थ्यांत मारामारी झाली. तिची चित्रफीत पसरली आणि 17 मेच्या रात्री जमाव परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर चालून गेला. भारतीय मुलांना घरातच थांबण्याची सूचना दूतावासाने दिली. मार खाणाऱ्यांत पाकिस्तानी विद्यार्थी होते. त्यांचा आणि जमावाचा धर्म एकच. तरी तो त्यांच्या कामी आला नाही. त्या रात्री परके असणे पुरेसे होते. बुलढाणा जिल्ह्यातला मुस्लिम मुलगाही तिथे तितकाच परका ठरतो. त्याच्या आईची काळजी वेगळी नाही.

आयोगाच्या 2021च्या नियमांनुसार परदेशातले शिक्षण किमान 54 महिन्यांचे आणि इंग्रजीतून हवे, शिवाय तिथेच 12 महिन्यांची इंटर्नशिप हवी. पण वॉर्डातला रुग्ण किर्गिझ किंवा रशियन बोलतो. पोटात कुठे दुखते, हे त्याला कोणत्या भाषेत विचारायचे? पुस्तकातले इंग्रजी तिथे थिटे पडते, आणि रस्त्यावर कोणी अडवले तर त्याहून थिटे.

बुलढाण्यात आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. परदेशी निघण्यापूर्वी मुलांसाठी आणि पालकांसाठी तिथे मराठीतून काही आठवड्यांचा वर्ग ठेवावा. कामापुरती रशियन, त्या देशाचे कायदे, सणवार, अडचणीत फोन कोणाला करायचा, हे सारे शिकवावे. शिकवायला किर्गिझस्तानातून परतलेले विद्यार्थी बोलवावेत, मुलीसुद्धा. पुढच्या प्रवेशांची धावपळ सुरू होण्याआधी हा वर्ग भरावा, ही विनंती.

डोणगाव, ता. मेहकर, जि. बुलढाणा