खाणीवर ‘स्टे’ आला म्हणजे खाण ताब्यात आली का?

दगडखाणीच्या ताब्यावरून दोन गट भिडले, की गावात एकच चर्चा सुरू होते: ‘त्यानं कोर्टातून स्टे आणलाय, आता खाण त्याचीच.’ ही समजूत चुकीची आहे. स्टे म्हणजे तात्पुरता मनाई हुकूम. दाव्याचा निकाल लागेपर्यंत जागेची स्थिती बदलू नये, यासाठी तो असतो. मालक कोण, हे त्यात ठरत नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ खाली हा हुकूम मिळतो. कोर्ट तीन गोष्टी बघतं. प्रथमदर्शनी बाजू कोणाची दिसते, हुकूम न दिल्यास जास्त त्रास कोणाला होईल आणि पुढे भरून न निघणारं नुकसान होईल का? खाणीच्या वादात तिसरा मुद्दा वजनदार ठरतो, कारण फोडलेला डोंगर परत बसवता येत नाही.

कागदाला इथं मोठी किंमत आहे. नुसता सातबारा दाखवून भागत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार खनिजावरचा हक्क सर्वसाधारणपणे सरकारचा असतो. म्हणून खाणपट्ट्याचा आदेश, मोजणीचा नकाशा, रॉयल्टीच्या पावत्या आणि वाहतूक परवाने जपून ठेवावे लागतात. प्रत्यक्ष ताबा कोणाचा, हे त्यातूनच दिसतं.

स्टे हातात आहे म्हणून परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही. तसं केल्यास तहसीलदार बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड लावू शकतात, डंपर-पोकलेनही जप्त होऊ शकतात.

समोरचा माणूस एकतर्फी स्टे आणेल अशी शंका असेल, तर आधीच कॅव्हेट दाखल करता येतं. ते ९० दिवस चालतं आणि त्या काळात तुम्हाला नोटीस मिळण्याचा हक्क राहतो. एकतर्फी हुकूम झालाच, तर त्या अर्जावर ३० दिवसांत निर्णय देण्याचा प्रयत्न कोर्टानं करावा, असं कायदा सांगतो. हुकूम मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते.

जबरदस्तीनं हुसकावून लावलं असेल, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करता येतो. त्यात मालकी सिद्ध करावी लागत नाही. मात्र हा दावा सरकारविरुद्ध चालत नाही.

बऱ्याचदा लोक पंचायत, बैठका, मध्यस्थी यातच हे सहा महिने घालवतात. नाहीतर रात्री माणसं नेऊन ताबा परत घ्यायला जातात आणि ज्याची बाजू खरी, त्याच्यावरच मारामारीचा गुन्हा दाखल होतो. कोर्टात मग तोच गुन्हा समोरच्याच्या कामी येतो. ताबा गेल्याची तारीख त्याच दिवशी लेखी तक्रारीत नोंदवली आणि पोच घेतली, तर पुढची लढाई बरीच सोपी होते.