जुन्या मोटारीस नवा शाफ्ट

मोटारगाडीच्या पोटाखालीं वांकून पाहण्याचा प्रसंग सुशिक्षित गृहस्थास क्वचितच येतो; आणि आला तरी तें काम मिस्त्र्याचें, आपलें नव्हे, अशी मनाची समजूत घालून तो बाजूस उभा राहतो. आम्हीहि इतके दिवस ह्याच वर्गांतले होतों. परंतु गेल्या वर्षीं आमच्या अज्ञानामुळें, व त्याहूनहि अधिक आमच्या अहंकारामुळें, वडील बंधु व वहिनी ह्यांच्या जिवावर बेतण्याची वेळ आली. तेव्हांपासून ह्या विषयाकडे पाठ फिरविणें आम्हांस शक्य राहिलें नाहीं. ज्या घरांत एखादी जुनी गाडी अजून चालू आहे व तिला नव्या गाडीचा भाग बसविण्याचा विचार चालला आहे, त्या घरांतील मंडळींनीं हा मजकूर सावकाश वाचावा अशी आमची विनंति आहे.

आमच्या घरीं दादांनीं १९७८ सालीं घेतलेली ॲम्बॅसडर गाडी आहे. इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्ड गाडीच्या तिसऱ्या आवृत्तीवरून हिंदुस्थान मोटर्स ह्या कंपनीनें ही गाडी घडविली, आणि कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथें होणारें तिचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें. पन्नास वर्षांहून अधिक काळ तिचें बाह्य रूप फारसें पालटलें नाहीं. अंतरंग मात्र पालटत गेलें. १९९० नंतरच्या दशकांत तिच्यांत इसुझु ह्या जपानी कंपनीच्या घडणीचें १८०० सी. सी.चें इंजिन व पांच वेगांचा गिअरबॉक्स आला. जुन्या गाडींत तो चार वेगांचा असे. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही गाड्या सख्ख्या बहिणी वाटाव्या. परंतु एकीची बांगडी दुसरीच्या हातांत चढेलच असें नाहीं. आमची पहिली चूक ही कीं, ती चढेल असें आम्हीं गृहीत धरलें.

गाडीचा शाफ्ट झिजला होता. शाफ्ट म्हणजे काय, हें ज्यांस ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. इंजिन गाडीच्या पुढच्या अंगास, आणि तें ज्यांस फिरवितें तीं चाकें मागच्या अंगास. ह्या दोहोंमध्यें गति वाहून नेणारी पोलादी पोकळ नळी म्हणजे शाफ्ट. इंजिन व गिअरबॉक्स गाडीच्या सांगाड्यास धरून असतात. मागचा आंस मात्र पाट्यांवर तोललेला असल्यामुळें प्रत्येक खड्ड्यास खालीं-वर होतो. म्हणजे शाफ्टाचें एक टोक स्थिर व दुसरें चंचल. अशा स्थितींत सरळ दांडा बसविला तर तो पहिल्याच खड्ड्यास मोडेल. म्हणून त्याच्या दोन्ही टोकांस सांधे ठेवतात, आणि अंतर कमीअधिक होतें तें सांवरण्यासाठीं एक दांतेरी सरकता भाग ठेवतात. सांधा कसा, तर चार बाहूंचा एक लहानसा क्रॉस; त्याच्या समोरासमोरच्या दोन बाहूंवर एक बेचकें व उरलेल्या दोन बाहूंवर दुसरें. हीं दोन बेचकीं एकमेकांशीं काटकोनांत असतात, म्हणून दांडा कोणत्याहि दिशेस कलला तरी फिरणें थांबत नाहीं.

ही युक्ति मोटारीहून पुष्कळ जुनी आहे. सोळाव्या शतकांतील इटालियन पंडित कार्दानो ह्याचें नांव तिला अजून चिकटलेलें आहे. इंग्लंडांत रॉबर्ट हूक ह्यानें १६७६ सालीं आपल्या ग्रंथांत तिचें वर्णन केलें. १८९८ सालीं फ्रान्समध्यें लुई रेनो ह्यानें आपल्या छोट्या गाडींत साखळीऐवजीं शाफ्ट घातला, आणि १९०३ सालीं अमेरिकेंत क्लॅरेन्स स्पायसर ह्यास मोटारीच्या सांध्याचें पेटंट मिळालें. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत इंजिन पुढच्याच चाकांस फिरवितें, म्हणून त्यांत असा लांब शाफ्ट नसतो. परंतु जुन्या गाड्या, जीपगाड्या व मालमोटारी ह्यांचें सारें चालणें अजून त्याच्यावरच आहे.

आतां ह्या सांध्याचें एक मर्म आहे, व आमच्या कथेचें मूळहि तेथेंच आहे. दांडा कलता असेल तर सांध्याच्या एका बाजूस गति एकसारखी असूनहि दुसऱ्या बाजूस ती एकसारखी राहत नाहीं. कोन १० अंशांचा असला तर पुढचा दांडा एका फेऱ्यांत दोनदां सुमारें दीड टक्का जलद होतो व दोनदां तितकाच मंद होतो. कोन ३० अंशांचा झाला तर हा फरक तेरा ते पंधरा टक्क्यांपर्यंत जातो. ह्या असमान गतीचें गणित पाँसले ह्या फ्रेंच गणितज्ञानें १८२४ सालीं मांडलें. मग गाडी सुरळीत चालते कशी? तर सांधे दोन असतात म्हणून. पहिल्यानें केलेली चूक दुसरा उलट चूक करून फेडतो, आणि मागच्या आंसास गति पुन्हा समान मिळते. परंतु ह्यास दोन अटी आहेत. दोन्ही सांध्यांचे कोन सारखे हवेत. आणि शाफ्टाच्या दोन्ही टोकांचीं बेचकीं एकाच पातळींत हवींत. तीं एकमेकांशीं काटकोनांत बसविलीं तर चूक फिटत नाहीं, उलट जवळजवळ दुप्पट होते.

व्याकरण शिकविण्यांत आमचें आयुष्य गेलें. दोन वर्ण एकत्र आले म्हणजे संधि होतो, आणि त्याचा नियम पाळला नाहीं तर शब्द बिघडतो, हें आम्हीं शेंकडों मुलांकडून घोकून घेतलें. सांधा हा शब्द त्या संधीपासूनच आलेला. परंतु लोखंडाच्या संधीसहि असाच कठोर नियम असेल, हें आमच्या ध्यानीं आलें नाहीं.

घडलें तें असें. शाफ्टांत क्रॉसचे कप ज्या भोकांत बसतात तीं भोकें लांबट झालीं होतीं. ग्रीस वेळेवर न घातल्याचें हें फळ. त्या सालच्या गाडीचा शाफ्ट बाजारांत मिळेना. शेवटीं भंगारांतील एका इसुझु इंजिनाच्या ॲम्बॅसडरचा शाफ्ट मिळाला. आमच्या मिस्त्र्यानें गाडी उचलून धरून, मागचीं चाकें अधांतरीं लोंबत असतां माप घेतलें. नवा शाफ्ट आखूड भरला. तेव्हां त्यानें तो मधोमध कापला, दुसऱ्या नळीचा तुकडा आंत घातला, वेल्डिंग केलें, आणि तिसऱ्या प्रहरीं गाडी दारांत आणून उभी केली. खर्च थोडका झाला म्हणून आम्ही संतुष्ट होतों.

आमची पुतणसून यंत्रशास्त्राची पदवीधर आहे. रात्रीं जेवणें झाल्यावर तिनें विचारलें, "काका, शाफ्ट जोडतांना दोन्ही बेचकीं एका रेषेंत धरलीं होतीं का? आणि तोल करून घेतला का?" आम्हीं उत्तर दिलें, "अगं, मिस्त्री तीस वर्षें हेंच काम करतोय." ती गप्प बसली. दादा व वहिनी ह्यांस दुसऱ्या दिवशीं सकाळींच साताऱ्यास जावयाचें होतें, आणि तें जाणें लांबणीवर पडूं नये असा आमचाच आग्रह होता.

पुण्याहून निघाल्यावर गाडी संथ होती तोंवर कांहीं जाणवलें नाहीं. शिरवळच्या पुढें वेग साठाच्या घरांत गेला आणि पायाखालची पाटी थरथरूं लागली. गाडी पुतण्या चालवीत होता. तो म्हणाला, "थांबूं या का?" आम्हीं म्हटलें, "नवा भाग आहे, बसेल हळूहळू." खंबाटकीच्या घाटांत चढणीवर खाडखाड आवाज सुरू झाला, तेव्हां मात्र त्यानें आम्हांस न विचारतां गाडी कडेस घेतली, हें आमचें भाग्य. खालीं पाहिलें तों मागच्या सांध्याच्या चकतीचे चार बोल्ट. त्यांतला एक गळून पडलेला, आणि दोन हातानें फिरूं लागलेले. तें टोक सुटलें असतें तर तो फिरता लोखंडी सोटा गाडीच्या तळावर आपटत राहिला असता, आणि ब्रेकची नळी त्याच्यापासून हातभरहि दूर नव्हती. पुढचें टोक सुटणें तर ह्याहून भयंकर. तें रस्त्यांत रुतलें तर गाडी उचलूनच फेंकली जाते.

दादा कठड्यावर बसले होते. ऐंशी वर्षांचे आहेत. पुष्कळ वेळ कांहीं बोलले नाहींत. मग आमच्याकडे न पाहतां म्हणाले, "काल सूनबाई काय विचारीत होती?" आमच्याजवळ उत्तर नव्हतें. गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून पुण्यास परत आणली. दादा-वहिनींचें जाणें राहिलें तें राहिलेंच.

बोल्ट सैल कां झाले ह्याचा हिशेब सूनबाईनें मागाहून कागदावर करून दाखविला, तो असा. चाकाचा घेर सुमारें दोन मीटर धरला तर ताशी ६० किलोमीटर वेगांत चाक मिनिटाला ५०० फेरे घेतें. मागच्या दांतेरी चक्रांचें प्रमाण साडेचार धरलें तर शाफ्ट २,२५० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला सदतीसाहून अधिक. सांध्याची चूक एका फेऱ्यांत दोनदां. तेव्हां प्रत्येक सेकंदाला पंचाहत्तर हिसके. शिवाय वेल्डिंगचा गोळा एका अंगास जड. मध्यापासून चार सेंटिमीटरांवर अवघे २० ग्रॅम, म्हणजे सुमारें पावणेदोन तोळे, वजन अधिक असलें तरी ह्या गतीस तें साडेचार किलोच्या जोरानें शाफ्टास बाहेर ओढतें. आणि गति दुप्पट झाली तर हा जोर चौपट होतो. असा मार बसल्यावर बोल्ट सैल न होतील तरच नवल.

पुढें काम नीट कसें झालें, तें क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट माप. गाडीचा भार चाकांवर असतां, म्हणजे पाटे आपल्या नेहमींच्या दाबांत असतां, माप घ्यावें. दांतेरी भाग अशा बेतानें बसला पाहिजे कीं, आंस पूर्ण वर आला तरी शाफ्ट गिअरबॉक्सवर आदळूं नये, आणि पूर्ण खालीं गेला तरी दांत्यांची पकड पुरेशी राहावी. ज्यास गाडीखालीं जावयाचें असेल त्यानें केवळ जॅकच्या भरंवशावर कधींहि जाऊं नये. खालीं भक्कम घोडे लावावेत.

दुसरी गोष्ट टोकें. गिअरबॉक्स निराळा असेल तर दांत्यांची संख्या व जाडी निराळी असूं शकते. चकतीचीं भोकें व त्यांमधील अंतरें निराळीं असूं शकतात. भोक कानशीनें मोठें करून बोल्ट बसविणें हा उपाय नव्हे, ती भावी संकटाची पेरणी आहे.

तिसरी गोष्ट नळी. मध्यें ठिगळ लावूं नये. लागेल त्या लांबीची एकसंध नवी नळी घेऊन तिच्या दोन्ही टोकांस दोन बेचकीं, एका पातळींत धरून, लेथवर सरळ करून जोडावींत.

चौथी गोष्ट तोल. मालमोटारींचे शाफ्ट दुरुस्त करणाऱ्या मोठ्या कारखान्यांत तोल पाहण्याचें यंत्र असतें. जेथें हलकें असेल तेथें लोखंडाची लहान पट्टी जोडून शाफ्ट समतोल करतात. शाफ्टावर अशी पट्टी दिसली तर ती निरुपयोगी समजून कोणीं काढूं नये.

शेवटीं बोल्ट नवे घ्यावेत, आणि शंभरएक किलोमीटर गाडी चालल्यावर ते पुन्हा तपासावेत. ह्या सर्वांस आम्हांस पहिल्या खर्चाच्या चौपट पैसे पडले. ते आधींच द्यावयास हवे होते.

कायद्याविषयीं दोन शब्द. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम असें सांगतें कीं, नोंदणीपत्रांतील तपशील मूळ कारखानदारानें ठरविलेल्या तपशिलाशीं जुळणार नाहीं असा बदल मालकानें करूं नये. सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं ह्यास दुजोरा दिला. इंजिनाचा क्रमांक नोंदणीपत्रांत असतो, शाफ्टाचा नसतो. म्हणून शाफ्ट बदलण्याची अडचण नाहीं, इंजिन बदलावयाचें तर आधीं परवानगी हवी. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठीं २०२१ सालीं जे नियम झाले त्यांतहि सांगाडा, मूळ शरीर व इंजिन ह्यांत फेरबदल झालेला नसावा अशी अट आहे. तेव्हां आपल्या गाडीचा तो मान पुढें हवा असेल तर कापाकापी शाफ्टापुरतीच ठेवावी. तळाच्या पत्र्यास हात लावूं नये.

नवा शाफ्ट घेऊन गाडी आतां वर्षभर चालत आहे. दादा व वहिनी दिवाळीनंतर तिच्यांतूनच साताऱ्यास जाऊन आले. निघण्यापूर्वीं सूनबाईनें शाफ्टाच्या दांतेरी सांध्यावर, दोन्ही भागांवरून जाईल अशी, पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली. "पुढें कोणीं शाफ्ट सोडवला, तर रेघेला रेघ जुळवूनच परत बसवायचा, काका," असें ती म्हणाली. ह्या खेपेस आम्हीं मिस्त्र्याच्या वर्षांचा हिशेब सांगितला नाहीं. चटई टाकून गाडीखालीं पडलों, आणि ती रेघ तुटक नाहीं ना, हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहून घेतलें.